डिस्क उसनी देता येते, अकाउंट नाही : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सेकंडहँड गेमबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि शेवटी 'काही विचारायचं असेल तर कळवा' असं म्हटलं होतं, तर बरीच पत्रं आलीयत, बहुतेकांचा सूर एकच, की पैसे मोजून घेतलेला गेम मी मित्राला का देऊ शकत नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, आणि दुकानांची विक्रेत्यांची नावं मुद्दाम गाळलीत कारण त्यांची बाजू आपण ऐकलेली नाही.

प्रश्न : मुलाला सोनीचा पीएस५ हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल घेतला, त्यातली डिजिटल एडिशन, कारण दहा हजारांनी स्वस्त पडत होता. दिवाळीत पुतण्या नाशिकहून आला, येताना तीन डिस्क घेऊन आला, दोघं सुट्टीभर खेळणार होते, आणि आमच्या मशीनला डिस्क घालायची जागाच नाही! मुलगा रडायचा तेवढा बाकी होता. आता दीर म्हणतात अकाउंट शेअर करा म्हणजे दोघांना गेम मिळतील. ते काय असतं? धोका आहे का त्यात?
— एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, आधी मशीनच्या मागे मॉडेल नंबर बघा. सीएफआय-१ ने सुरू होत असेल तर ते २०२० चं पहिलं मॉडेल, त्याला डिस्क ड्राइव्ह बाहेरून लावता येत नाही, विषय संपला. सीएफआय-२ ने सुरू होत असेल तर ते नंतरचं स्लिम, त्याला सोनीचा वेगळा विकत मिळणारा ड्राइव्ह बसतो, घरी बसवता येतो, फक्त पहिल्यांदा बसवताना नेट लागतं कारण तो ड्राइव्ह त्या मशीनशी जोडून घ्यावा लागतो. हो, डिस्क वाचायच्या यंत्रालासुद्धा कंपनीला विचारून चालू व्हायचंय, असो.

आता अकाउंटचं. पीएस५ मध्ये कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले नावाचं सेटिंग असतं, ते एका अकाउंटसाठी एकाच पीएस५ वर चालू ठेवता येतं. ज्या मशीनवर ते चालू आहे तिथे घरातला कोणीही आपल्या आयडीवरून त्या अकाउंटचे डिजिटल गेम खेळू शकतो. म्हणून लोक काय करतात, की मुलाच्या अकाउंटचं हे सेटिंग पुतण्याच्या मशीनवर चालू करतात, म्हणजे पुतण्या तिकडे खेळतो, आणि मुलगा इकडे आपल्या मशीनवर स्वतःच्या आयडीने लॉगिन करून नेट चालू ठेवून खेळतो. चालतं का, तर चालतं. पण कंपनीने ही सोय दिलीय ती एका घरासाठी, नाशिक-पुणे अशी नाही, आणि त्यासाठी मुलाचं अकाउंट पुतण्याच्या मशीनवर उघडावं लागतं म्हणजे त्यात सेव्ह केलेलं कार्ड, वॉलेटमधले पैसे, सगळं तिकडे उघडं. सख्खा पुतण्या आहे म्हणून करायचंच असेल तर कार्ड काढून टाका, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, आणि पासवर्ड दीरांना दिला तरी पोरांच्या हातात देऊ नका. पुतण्याच्या मित्राला वगैरे तर अजिबात नाही.

आणि ते दहा हजार वाचले म्हणताय त्याचा हिशोब एकदा मांडू. समजा नवीन गेमची डिस्क ४,९९९ ला आणली, महिनाभर खेळून ३,००० ला विकली, म्हणजे गेम पडला १,९९९ ला. तोच डिजिटल घेतला तर ४,९९९ गेले ते गेले, परत काही येत नाही, सेलमध्ये दोन हजाराच्या खाली येईपर्यंत थांबलात तरच बरोबरी. असे तीन-चार गेम झाले की दहा हजारांची बचत तिथेच फिटते. पण तुमचा मुलगा वर्षभर एकच फुटबॉलचा गेम खेळणारा असेल तर मात्र डिजिटलच बरं, त्या गेमची जुनी डिस्क नवीन सीझन आल्यावर कोणी विचारत नाही. त्यामुळे सरसकट चुकलात असं मी म्हणणार नाही.

प्रश्न : इन्स्टावर एक जण पाच हजारचा गेम ७०० ला देत होता. प्रायमरी ९००, सेकंडरी ७००. मी सेकंडरी घेतला, त्याने आयडी पासवर्ड पाठवला, दोन महिने मस्त चालला, आता गेमवर कुलूप दिसतंय आणि त्याने मला ब्लॉक केलंय. काही करता येईल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : मित्रा, तू गेम घेतलाच नव्हतास, तू एका अनोळखी माणसाच्या अकाउंटची किल्ली भाड्याने घेतली होतीस. तो एका अकाउंटवर गेम एकदा विकत घेतो आणि तेच अकाउंट दोघा-तिघांना विकतो. वर कोथरूडच्या ताईंना जे सेटिंग सांगितलं ते ज्याच्या मशीनवर चालू केलं तो त्यांच्या भाषेत प्रायमरी, आणि जो नुसता लॉगिन करून नेटवर खेळतो तो सेकंडरी. पासवर्ड बदलला की सेकंडरीवाला बाहेर, सेटिंग हलवलं की प्रायमरीवाला बाहेर. अकाउंट विकणं हे कंपनीच्या नियमात बसतच नाही त्यामुळे कस्टमर केअरला फोन करून 'माझा गेम गेला' म्हणायची सोय नाही, ते विचारणार अकाउंट कोणाच्या नावावर आहे, मग? पैशाची फसवणूक म्हणून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते, ती कर, चॅट आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट जपून ठेव. ७०० रुपये परत येतील अशी आशा मात्र फार ठेवू नकोस.

प्रश्न : दादा सांगतो की एका मोठ्या कंपनीने गेम उसने देणं बंद करायचा प्रयत्न केला होता आणि लोकांनी तो हाणून पाडला. खरंय का? आणि हाणून पाडला तर मग आता सगळं डिजिटल कसं काय झालं?
— अकरावीतला विद्यार्थी, सांगली

उत्तर : दादा बरोबर सांगतोय, आणि हा किस्सा मला फार आवडतो त्यामुळे जरा लांबण लागणार आहे.

२१ मे २०१३ ला मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन हा नवा कन्सोल जाहीर केला. त्यानंतर दोन आठवडे जुन्या, म्हणजे सेकंडहँड गेमचं काय होणार हे कोणी धड सांगेना, एक अधिकारी एक बोलतोय, दुसरा भलतंच, शेवटी ६ जूनला लेखी नियम आले आणि लोकांनी डोक्याला हात लावला. दुकानातून डिस्क आणा, मशीनमध्ये टाका, गेम इन्स्टॉल झाला की तो तुमच्या अकाउंटला चिकटला, पुढे ती डिस्क दुसऱ्याच्या काही कामाची नाही. मशीनने दर २४ तासांत एकदा नेटवर हजेरी लावायची, नाही लावली तर गेम बंद, मग तो एकट्याने खेळायचा का असेना. मित्राला गेम कायमचा द्यायचाय? तर तो मित्र तुमच्या फ्रेंडलिस्टमध्ये किमान ३० दिवस असला पाहिजे, आणि एक गेम एकदाच देता येणार, त्याने पुढे तिसऱ्याला द्यायचा नाही. दुकानात विकायचा असेल तर कंपनीशी करार असलेल्या दुकानातच, आणि तेही गेम बनवणाऱ्या कंपनीने परवानगी दिली असेल तरच. उसना देणं किंवा भाड्याने देणं हे सुरुवातीला मिळणारच नाही असंही त्यात लिहिलं होतं.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे, बदल्यात काही देत होते. घरातल्या दहा जणांपर्यंत आपली गेमची लायब्ररी वाटून घेता येणार होती, डिस्क एकदा इन्स्टॉल केली की परत घालायची गरज नाही असंही होतं. कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. पण सांगायची पद्धत इतकी मग्रूर, की नेट नसलेल्यांनी काय करायचं असं विचारल्यावर एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांचं म्हणणं असं, की त्यांच्यासाठी आमच्याकडे जुना एक्सबॉक्स ३६० आहे की! आपल्याकडे तेव्हा कितीतरी गावांत लोडशेडिंग आणि नेट म्हणजे मोबाइलचा टूजी पॅक, विचार कर. अर्थात भारत त्यांच्या पहिल्या यादीत नव्हताच, इथे तो आला सप्टेंबर २०१४ मध्ये.

मग १० जूनला लॉस एंजेलिसला ई३ नावाचा गेमचा मोठा मेळावा, तिथे सोनीच्या गेम विभागाचे अमेरिकेतले प्रमुख जॅक ट्रेटन स्टेजवर आले आणि म्हणाले की आमच्या येणाऱ्या पीएस४ कन्सोलमध्ये जुन्या गेमवर कसलंही बंधन नसेल, विका, उसना द्या, कायमचा ठेवा. सभागृहात जो आरडाओरडा झाला तो क्रिकेटच्या मॅचला होतो तसा. वर किंमत ३९९ डॉलर, एक्सबॉक्सची ४९९. आणि कळस म्हणजे सोनीने एक छोटा व्हिडिओ टाकला, पीएस४ वर गेम उसना कसा द्यायचा याचं प्रात्यक्षिक, त्यात सोनीचेच अधिकारी शुहेई योशिदा गेमचा बॉक्स हातात घेतात आणि शेजारी उभे सहकारी ॲडम बॉयस यांना देतात. संपला व्हिडिओ. काही सेकंदांचा आहे, यूट्यूबवर अजून सापडतो, बघच.

१९ जूनला मायक्रोसॉफ्टने सगळं मागे घेतलं. २४ तासांची हजेरी रद्द, डिस्क पूर्वीसारखी कोणालाही द्या. सोबत ती दहा जणांची वाटणीसुद्धा रद्द झाली. १ जुलैला मॅट्रिक कंपनी सोडून झिंगा नावाच्या दुसऱ्या गेम कंपनीत गेल्याची बातमी आली.

आता तुझा दुसरा प्रश्न, मग डिजिटल कसं झालं. कंपन्यांना जुन्या गेमचा राग का, ते आधी समजून घे. डिस्क दुसऱ्यांदा विकली गेली की पैसे दुकानाला आणि विकणाऱ्याला, गेम बनवणाऱ्याला एक पैसा नाही. म्हणून २०१० पासून ईए या कंपनीने ऑनलाइन पास काढला होता, नवीन डिस्कसोबत एक कोड, तो एकदाच चालणार, जुनी डिस्क घेतलीस आणि मित्रांसोबत ऑनलाइन खेळायचंय तर वर दहा डॉलर भर. तोही लोकांना आवडला नाही, २०१३ मध्येच त्यांनी तो गुंडाळला. म्हणजे दोन्ही वेळा डिस्क लोकांच्या हातात ठेवून तिच्यातला हक्क काढून घ्यायला गेले, आणि दोन्ही वेळा पब्लिक खवळलं.

मग त्यांनी डिस्कच काढली. २०१९ ला मायक्रोसॉफ्टने डिस्क ड्राइव्ह नसलेला एक्सबॉक्स वन एस ऑल-डिजिटल आणला, २०२० ला तसाच एक्सबॉक्स सीरिज एस, त्याच वर्षी सोनीचा पीएस५ डिजिटल. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस५ आला तो डिस्कवाला ४९,९९० ला आणि बिनडिस्कचा ३९,९९० ला. कोणी जबरदस्ती केली नाही, दोन मशीन शेजारी शेजारी ठेवली आणि आपणच स्वस्तातलं उचललं, आणि उचलताना कोणी ओरडलं नाही, उलट म्हणालो वा, दहा हजार वाचले. सोबत मायक्रोसॉफ्टच्या गेम पासची वर्गणी, म्हणजे दरमहा पैसे भरून बरेच गेम खेळायची सोय, दर महिन्याचे सेल, रात्री बारा वाजता गेम डाउनलोड होऊन तयार, दुकानात जायची कटकट नाही. २०१३ च्या नियमांपेक्षा आजचा डिजिटल गेम जास्त कडक आहे रे, तेव्हा निदान ३० दिवस जुन्या मित्राला एकदा तरी देता येणार होता, आज स्टोअरवरून घेतलेला कायमचा कोणालाच नाही. माझं मत विचारशील तर मला ज्यांनी तोंडावर सांगितलं त्यांच्यापेक्षा ज्यांनी हळूच केलं त्यांचा जास्त राग येतो, आणि त्यात तो गोड व्हिडिओ काढणारी सोनी पण आली.

प्रश्न : जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर पीसी गेमची ओरिजिनल डीव्हीडी मिळाली, बॉक्स, माहितीपुस्तिका सगळं, फक्त १५० रुपये. इन्स्टॉल करताना कोड मागितला, बॉक्समधला टाकला तर 'हा कोड आधीच वापरलेला आहे'. गाडीवाला म्हणतो मला काय माहीत.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : गाडीवाल्याला खरंच माहीत नसणार, त्याला सोड. पीसीवाल्यांचं हे रडगाणं कन्सोलवाल्यांच्या कितीतरी आधी सुरू झालं. नोव्हेंबर २००४ मध्ये हाफ-लाइफ २ आला तेव्हा दुकानातून डिस्क आणली तरी स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर अकाउंट काढून तो चालू करावा लागायचा, लोकांनी शिव्या घातल्या, पण गेम इतका भारी होता की शिव्या घालत घालत सगळ्यांनी अकाउंट काढलं. मग बाकीच्या कंपन्यांनी तेच उचललं. कोड पहिल्यांदा ज्या अकाउंटवर टाकला त्याचा झाला, डीव्हीडी ही त्यानंतर नुसती शोभेची. तुझ्या १५० रुपयांत पुस्तिका आली असं समज, काही जुन्या पुस्तिका खरंच सुंदर असायच्या.

युरोपात यावर कोर्टकचेऱ्या झाल्यात त्या मजेदार आहेत. २०१२ मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात सांगितलं की कायमचं लायसन्स विकलंत तर घेणारा ते पुढे विकू शकतो, डाउनलोड केलेलं असलं तरी. मग फ्रान्समधल्या यूएफसी-क श्वाझीर या ग्राहक संघटनेने स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हवर केस टाकली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने चक्क म्हटलं की स्टीमवरचे गेम ग्राहकांना पुन्हा विकता आले पाहिजेत! लोक नाचले. पण २०२२ ला वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, म्हणाले गेम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नाही, त्यात संगीत आहे, चित्रं आहेत, कथा आहे, त्याला सॉफ्टवेअरचा नियम लागत नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च पातळीवर तेच कायम झालं. म्हणजे ऑफिसच्या सॉफ्टवेअरला एक न्याय आणि गेमला दुसरा, का तर गेममध्ये गाणी आहेत. मला हे काही पटलेलं नाही पण निकाल निकाल असतो.

घरात वाटून खेळायचं असेल तर स्टीम फॅमिलीज ही सोय बघ, सप्टेंबर २०२४ पासून सगळ्यांना मिळालंय, एकूण सहा जण. चांगली गोष्ट ही की बहीण तुझ्या लायब्ररीतला एक गेम खेळत असताना तू दुसरा खेळू शकतोस, जुन्या पद्धतीत ते जमत नव्हतं. तोच गेम दोघांना एकदम खेळायचा असेल तर दोन प्रती लागतात. वाईट गोष्ट, एकदा शिरल्यावर वर्षभर दुसऱ्या ग्रुपमध्ये जाता येत नाही आणि बाहेर पडलेल्याची जागाही वर्षभर अडून राहते, त्यामुळे हॉस्टेलच्या रूममेटला घ्यायच्या आधी विचार कर. आणि तुझी प्रत वापरून कोणी चीटिंग केलं आणि बॅन झाला तर त्या गेममध्ये तू पण बॅन होतोस, हे नक्की लक्षात ठेव.

ज्याला हे काहीच नको त्याच्यासाठी जीओजी नावाचं ऑनलाइन गेमचं दुकान आहे, तिथे गेमची इन्स्टॉल फाइल मिळते, पेनड्राइव्हवर ठेवून दे, नंतर नेट नको, कोड नको, काही नको. विकायची परवानगी तिथेही नाही, पण निदान उद्या तुझ्या कॉम्प्युटरमध्ये येऊन कोणी कुलूप लावणार नाही.

प्रश्न : मी लंडनला असते, डिसेंबरमध्ये ठाण्याला येतेय. भाच्याने निन्टेंडोच्या स्विच २ या कन्सोलचे गेम आणायला सांगितलेत पण काही बॉक्सवर 'गेम-की कार्ड' असं लिहिलेलं आहे. दुकानदार म्हणाला कार्ड आत आहे पण गेम नाही!! हे काय प्रकरण? सोसायटीतली मुलं आपापसात गेम बदलतात, त्याला पण बदलता आले पाहिजेत.
— एक आत्या

उत्तर : आत्याबाई, दुकानदार खरं बोलला. जून २०२५ मध्ये स्विच २ आला तेव्हापासून निन्टेंडोने हा प्रकार सुरू केलाय. कार्डमध्ये गेम नसतो, फक्त किल्ली असते, कार्ड घातलं की गेम नेटवरून डाउनलोड होतो, आणि नंतरही खेळताना कार्ड आत लागतंच. म्हणजे डाउनलोडची वाट पण बघायची आणि कार्ड पण सांभाळायचं, दोन्हीकडची कटकट एका डबीत. पण तुमच्या भाच्याच्या कामाची गोष्ट अशी की हे कार्ड उसनं देता येतं, विकता पण येतं, अकाउंटला चिकटत नाही. ज्याच्याकडे कार्ड त्याचा गेम. सोसायटीत फिरवायला हरकत नाही, फक्त ज्याला मिळालं त्याला पुन्हा सगळं डाउनलोड करावं लागणार, आणि मशीनमध्ये जागा २५६ जीबीच, वाढवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस नावाचं महागडं कार्डच लागतं, साधं चालत नाही. उद्या निन्टेंडोने तो सर्व्हर बंद केला तर किल्ली आहे पण दारच नाही, ही भीती आहे, पण भाचा तोवर कॉलेजला गेला असेल.

शक्य असेल तर ज्यात गेम खरंच कार्डमध्ये आहे तो घ्या. मारिओ कार्ट वर्ल्ड तसा आहे. सायबरपंक २०७७ एवढा अवाढव्य गेम, तो पण ६४ जीबीच्या कार्डात पूर्ण बसवलाय (तो मोठ्यांचा आहे, भाच्याला नको!), म्हणजे मनात आलं तर जमतं, बाकीच्यांना कार्डाचा खर्च वाचवायचाय.

ऑनलाइन स्टोअरवरून घेणार असाल तर तिथे व्हर्च्युअल गेम कार्ड असतं. ते फॅमिली ग्रुपमधल्या माणसाला, जास्तीत जास्त आठ जणांचा ग्रुप, १४ दिवसांसाठी उसनं देता येतं, दोन्ही मशीन एकदा जवळ आणावी लागतात, आणि १४ दिवसांनी आपोआप परत येतं. दिलेलं असताना तुम्हाला खेळता येत नाही. विकता तर येतच नाही. लंडनहून ठाण्याला उसनं द्यायचं म्हटलं तर विमानाने यावं लागेल, त्यापेक्षा बॉक्स बॅगेत टाका.

आणि तिकडे सेकंडहँड कार्ड स्वस्त मिळालं तर जरा जपून. प्रत्येक कार्डाला स्वतःचा एक नंबर असतो, आधीच्या मालकाने त्याची कॉपी काढून ठेवली असेल आणि तोच नंबर दोन ठिकाणी नेटवर दिसला तर घेणाऱ्याचं मशीन ऑनलाइन बॅन झाल्याची उदाहरणं २०२५ मध्ये समोर आलीत. कंपनीला खरेदीचा पुरावा दाखवल्यावर बॅन उठलाय, म्हणून बिल, कार्डाचे फोटो, विकणाऱ्याशी झालेलं चॅट, सगळं ठेवा.

प्रश्न : डिस्क आपल्याकडे असली की गेम कायमचा आपला, असं धरून चालायचं ना?
— ठाणे

उत्तर : नाही हो. द क्रू नावाचा गाड्यांच्या रेसचा गेम होता, युबिसॉफ्टचा, डिसेंबर २०१४ चा. एकट्याने खेळायचा तरी सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केला, ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडे आता फक्त डिस्क आहे, आणि नंतर लोकांच्या अकाउंटमधून लायसन्सही काढून घेतली. त्यावर रॉस स्कॉट या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स नावाची मोहीम काढली, युरोपियन युनियनकडे द्यायच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी साधी आहे, सर्व्हर खुशाल बंद करा पण बंद करताना गेम कसातरी चालू राहील एवढी सोय करून जा. दरम्यान युबिसॉफ्टने पुढच्या भागांना ऑफलाइन मोड देऊ असं जाहीर केलं, म्हणजे ओरडल्याचा उपयोग होतो. घेताना बॉक्सच्या मागे 'इंटरनेट आवश्यक' असं काही छापलंय का वाचा, असेल तर ती डिस्क सेकंडहँड घेताना किंमत पाडून मागा.

प्रश्न : माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. पूर्वी कॅसेट लायब्ररी असायची तशी पीएस५ च्या डिस्क भाड्याने द्यायची लायब्ररी काढायचा विचार आहे, जुन्या डिस्क घेणं-विकणं पण करणार. कायद्याने चालतं का?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत साहेब, एकात मिसळू नका.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १४ बघा. पुस्तकाच्या बाबतीत लेखकाचा किंवा प्रकाशकाचा हक्क बाजारात आधीच आलेल्या प्रतींवर चालत नाही, म्हणूनच पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं उघड विकली जातात आणि कोणी हरकत घेत नाही. कॉम्प्युटर प्रोग्रॅमला मात्र वेगळं पोटकलम आहे. त्यात १९९४ ला असे शब्द होते की प्रत आधी विकली गेलेली असली तरी पुढची विक्री आणि भाडं यावर हक्क मालकाचाच. १९९९ च्या दुरुस्तीत ते 'आधी विकली गेलेली असली तरी' काढून टाकलं, त्यामुळे ओरिजिनल जुनी डिस्क घेणं-विकणं याला आज बाजारात कोणी गुन्हा मानत नाही, राजरोस चालतं. पण धंदा म्हणून भाड्याने देणं, हा हक्क मालकाकडे राहिलाय, तो शब्द कायद्यात स्पष्ट आहे. त्यामुळे भाड्याची लायब्ररी परवानगीशिवाय काढू नका, आणि भाड्याला 'डिपॉझिट आणि बायबॅक' असं नाव देऊन बोर्ड लावायची आयडिया कोणी देईल, त्याआधी वकिलाला फी द्या, ती स्वस्त पडेल.

गंमत म्हणजे अमेरिकेत उलटं आहे. तिकडे १९९० च्या कायद्याने सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला बंदी घातली पण कन्सोलच्या गेमला सूट ठेवली, म्हणून तिकडे कार्ट्रिज भाड्याने देणारी दुकानं वर्षानुवर्षं चालली. निन्टेंडोला ते इतकं खुपत होतं की १९८९ मध्ये ब्लॉकबस्टर या व्हिडिओ लायब्ररीवाल्यांवर केस टाकली ती गेम भाड्याने दिला म्हणून नाही, माहितीपुस्तिकेच्या झेरॉक्स काढून दिल्या म्हणून! जपानमध्ये कंपन्यांनी सेकंडहँड विक्रीच बंद करायला कोर्ट गाठलं होतं, २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानांच्या बाजूने निकाल दिला, आजही टोकियोत जुन्या गेमची मजल्यावर मजले दुकानं आहेत.

तुमच्या दुकानाला एक सांगतो, मशीन 'क्रॅक' करून देण्याच्या भानगडीत पडू नका. २०१२ मध्ये कायद्यात ६५अ कलम आलंय, कॉपीराइट मोडायच्या हेतूने लॉक तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. रिपेअरिंगवाल्याकडे गिऱ्हाईक तेच मागायला येतं म्हणून मुद्दाम लिहितोय. जुनी डिस्क घ्या, पुसा, चालवून बघा, बिल देऊन विका, त्यात बरकत आहे.

प्रश्न : सेकंडहँड डिस्क घेताना नेमकं काय बघायचं? थोडक्यात सांगा, मागच्या वेळी फार लांबवलंत.
— मडगाव

उत्तर : बरं, थोडक्यात. डिस्क उजेडात तिरकी धरून बघा, बारीक रेघा चालतात, खोल गोल चरा असेल तर नको. शक्य असेल तर विकणाऱ्याच्या मशीनवर चालवून बघा. डिलक्स एडिशन म्हणून जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका, त्यातले जादा भाग कोडवर येतात आणि तो कोड आधीच्या मालकाने वापरलेला असतो, तुम्हाला मिळते साधी डिस्क. पीएस५ ची दुबईहून आणलेली डिस्क इथे चालते पण तिचे जादा भाग भारताच्या स्टोअरवरून घेतले तर जुळतीलच असं नाही, तसले गेम घेताना विचार करा. आणि बॉक्सवर बारीक अक्षरात 'डाउनलोड कोड' लिहिलेलं असेल तर आत डिस्क नसतेच, कागदाचा एक कपटा असतो, तो वापरलेला असणार असं समजून चाला, फुकट दिला तरी घेऊ नका.